माळाचा तोल कोण सांभाळतं?
लोणी देवकरकडून कडबनवाडीच्या माळावर गेलं, की कुसळीच्या गवतात चिंकारा दिसतो, आखूड शेपटी सतत हलवत. खाली गवत, त्यावर चिंकारा नि ससे, वर लांडगा. हुकूम मात्र कोणाचाच चालत नाही. लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच जोडी पिल्लं घालते. बाकीचे पोटात मांस भरून आणतात आणि पिल्लांपुढे ओकतात. भक्ष्य घटलं की पिल्लं कमी जगतात, लांडग्यांची संख्या आपोआप आवरते. हा तोल मोडतो तो माळ नांगरल्यावर, किंवा 'पडीक' समजून तिथे दाट झाडं लावल्यावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडगा आणि चिंकारा दोघांनाही संरक्षण आहे. त्यांचा माळही तेवढाच जपा.