अपेक्षेची भाषा आणि उत्तराची भाषा : वेस्ट मांबलममधील तंजावरी मराठी घरांच्या निमित्ताने

स्थलांतरितांच्या मुलांचे मानसिक स्वास्थ्य हा विषय आजवर प्रामुख्याने मनोविकारशास्त्राच्या कक्षेत अभ्यासला गेला आहे. नॉर्वेतून अमेरिकेतील मिनेसोटा येथे गेलेल्या लोकांविषयीचा ओडेगार्ड यांचा १९३२ सालचा अभ्यास हा या परंपरेतील आरंभीचा टप्पा होय. पुढे कँटर-ग्राए आणि सेल्टन यांनी २००५ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखविले की, स्किझोफ्रेनियाचा धोका प्रत्यक्ष स्थलांतर करणाऱ्या पिढीपेक्षा त्यांच्या मुलांच्या पिढीत अधिक आढळतो. ज्याने प्रवास केला त्याच्यापेक्षा ज्याने तो केलाच नाही त्याच्यावर अधिक भार पडावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. या संदर्भात वर्णभेद आणि सामाजिक बहिष्कार यांची चर्चा झाली आहे. परंतु जेथे स्थलांतरितांच्या वाट्याला बहिष्कार आला नाही, उलट प्रतिष्ठा आली, तेथे मुलांच्या मनावरील भार कोणत्या स्वरूपाचा असतो, हा प्रश्न वेगळा आहे. तो भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाने विचारावा असाही आहे. चेन्नईतील वेस्ट मांबलम या भागातील तंजावरी मराठी घरांच्या आधारे तो येथे मांडावयाचा आहे.

१. स्थलांतराची साखळी

मांबलमच्या लोहमार्गाच्या पूर्वेस त्यागरायनगर आहे. १९२०च्या दशकात तलावाच्या जमिनीवर ते आखून वसविण्यात आले. पश्चिमेस वेस्ट मांबलमची दाट, मध्यमवर्गीय वस्ती आहे. तेथील ‘लेक व्ह्यू रोड’ या नावात तो तलाव अजून शिल्लक आहे. अयोध्या मंडपम्, कोदंडराम आणि काशी विश्वनाथ यांची मंदिरे, वेदपाठ, भजने आणि शिकवण्या यांनी या वस्तीचे सांस्कृतिक रूप घडले आहे. येथील तमिळ, तेलुगु व कन्नड घरांच्या शेजारी तंजावरी मराठी घरेही आहेत. ‘राव’ या उपपदाचे तमिळ रूप ‘रायर’. शेजारी या घरांना त्याच नावाने ओळखतात.

व्यंकोजी भोसल्यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले, आणि त्यांच्याबरोबर व त्यांच्यानंतर मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले. दरबार गेल्यावर शिकलेल्या घरांसाठी वतनाची जागा पदवीने घेतली. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले टी. माधवराव मद्रासमध्ये शिकून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. हा आदर्श पुढील पिढ्यांसमोर राहिला. विसाव्या शतकात प्रतिनिधित्वाचा न्याय्य प्रश्न पुढे आला आणि सरकारी नोकऱ्यांवरील ब्राह्मणांची मक्तेदारी संपत गेली. त्यानंतर तमिळ ब्राह्मण कुटुंबे खेड्यांतून मद्रासला, तेथून मुंबई-दिल्लीला आणि अखेरीस अमेरिकेला कशी गेली, याचे विवेचन ख्रिस्तोफर फुलर आणि हरिप्रिया नरसिंहन यांनी २०१४ सालच्या आपल्या ग्रंथात केले आहे. तंजावरी मराठी घरेही बव्हंशी याच वाटेने गेली. म्हणजे येथे स्थलांतर ही एकदा घडून संपलेली घटना नाही. ती प्रत्येक पिढीने पुढे चालवावयाची रीत आहे. प्रत्येक पिढी मागील पिढीच्या स्थलांतराचे अपत्य असते आणि पुढील स्थलांतराची आशा तिच्याकडून बाळगली जाते.

२. ऋण, पांग आणि ‘कडन’

ही आशा घरात कोणत्या शब्दांत बोलली जाते हे पाहिले पाहिजे. आज्ञेच्या रूपात ती क्वचितच येते. ती येते उपकाराच्या स्मरणातून. मराठीत आईबापांचे ‘पांग फेडणे’ हा शब्दप्रयोग आहे. ‘पांग’ म्हणजे उणीव, आणि त्या उणिवेपोटी आलेले देणेही. मूल आईबापांची उणीव भरून काढते, तेव्हा ते देणे फेडीत असते. याच शब्दप्रयोगाचा उपरोधिक उपयोगही तितकाच रूढ आहे : ‘चांगले पांग फेडलेस!’ त्यामागे देव, ऋषी व पितर यांच्या ऋणांची संस्कृत कल्पना उभी आहे.

तमिळमध्ये ‘कडन’ हा शब्द असाच दुहेरी आहे. आजच्या व्यवहारात त्याचा अर्थ कर्ज असा होतो. प्राचीन संघम् काव्यात तो कर्तव्य या अर्थाने येतो. ‘पुरनानूरु’तील ३१२व्या कवितेत एक आई माता, पिता, लोहार, राजा आणि तरुण पुत्र यांची कर्तव्ये याच शब्दाच्या पुनरुक्तीने वाटून देते. तेथे प्रत्येकाला आपापला वाटा आहे. मुलाकडे मागणी आहे, तशीच ती आईबापांकडे व राजाकडेही आहे. आधुनिक मध्यमवर्गीय घरात ही वाटणी एकमार्गी झालेली दिसते. वडीलधाऱ्यांनी आपला वाटा आधीच उचलला आहे असे गृहीत असते, आणि उरते ते केवळ मुलाचे देणे.

या देण्याला रक्कम नाही, हा त्याचा विशेष होय. सावकाराचे कर्ज फिटते, कारण त्याचा आकडा ठरलेला असतो. ‘आम्ही तुझ्यासाठी काय नाही केले’ या वाक्यात आकडा नाही, म्हणून ते कधीच फिटत नाही. त्याला साक्षीदार मात्र असतात. मराठी ‘चारचौघे’ आणि तमिळ ‘नालु पेर’, दोन्ही भाषांत लोकलाजेची संख्या चारच आहे.

३. बोलीला न मिळालेले गद्य

तंजावरी मराठी बोलणाऱ्या मुलाची भाषिक स्थिती येथे निर्णायक ठरते. घरात ही बोली, रस्त्यावर व मित्रांत तमिळ, शाळेत इंग्रजी. या बोलीमागील भाषापरंपरा लहान नाही. तंजावरच्या राजांनी नाटके लिहिली, सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते जमली, बृहदीश्वर मंदिरात १८०३ सालचा दीर्घ मराठी शिलालेख कोरला गेला. पण राज्य गेल्यावर ती शाळेची वा वृत्तपत्राची भाषा राहिली नाही. नाती, स्वयंपाक, कुळाचार आणि बोलणी खाणे एवढ्या कक्षेत ती तगून राहिली. महाराष्ट्रातील प्रमाण मराठीत मनाच्या दुखण्याविषयी लिहिण्या-बोलण्याची एक सार्वजनिक पद्धत हळूहळू तयार झाली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटापर्यंत तिचा माग काढता येतो. तंजावरी बोलीला असे गद्य लाभलेच नाही.

परिणामी अपेक्षा ज्या भाषेत ऐकू येते, त्या भाषेत उत्तर देण्याची सोय नसते. ‘डिप्रेशन’ हा शब्द इंग्रजीतून येतो आणि दवाखान्याचा वास घेऊन येतो. ‘मनसु सरियिल्लै’ हे तमिळ वाक्य मित्रापाशी चालते. आजीपुढे ते परके वाटते. घरच्या बोलीत बोलावे तर तेथे देण्याचे शब्द आहेत, न झेपण्याचे नाहीत.

शब्द न मिळालेले दुःख दुसऱ्या वाटा शोधते. मार्क निख्टर यांनी १९८१ साली दक्षिण कन्नडातील हव्यक ब्राह्मण स्त्रियांच्या अभ्यासातून ‘क्लेशाच्या वाक्प्रयोगां’ची संकल्पना मांडली. अन्न टाळणे, सोवळ्याचा अतिरेक, भक्तीतील पराकोटी, शरीराच्या तक्रारी या गोष्टी तेथे वाक्यांचे काम करतात, कारण उघड तक्रार ही मर्यादाभंग ठरते. वेस्ट मांबलमच्या घरातील मुलाची परीक्षेच्या तोंडावरची पोटदुखी किंवा मुलीचे लग्नाच्या बोलण्यांच्या काळातले अबोलेपण हेही याच रीतीने वाचता येईल. प्रत्येक पोटदुखीत अर्थ शोधू नये हे खरे. पण अर्थ नाहीच असे गृहीत धरणे अधिक धोक्याचे आहे.

४. पुरूचे उत्तर

या अडचणीला साहित्याने दिलेले एक उत्तर तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ए. के. रामानुजन यांनी ‘द इंडियन ईडिपस’ या निबंधात असे दाखविले की, भारतीय कथांत मुलगा बापाला मारीत नाही. बहुधा तो बापापुढे नमतो, आपले तारुण्य वा पुरुषत्व त्याच्या स्वाधीन करतो. ययाती-पुरू आणि शंतनू-भीष्म ही त्याची उदाहरणे. रामानुजन स्वतः म्हैसूरमधील तमिळ घरात वाढले, कन्नड व इंग्रजीत कविता करीत राहिले आणि शिकागोला स्थायिक झाले. तंजावरी मराठी घराचे हे जणू आरशातील रूप आहे.

महाभारतात वडिलांचे वार्धक्य घेणाऱ्या पुरूला राज्य मिळते. नकार देणाऱ्या भावांना शाप मिळतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत केंद्रस्थानी राहते ती पित्याची भोगलालसा. गिरीश कर्नाड यांच्या ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकात भर पुत्रावर आणि त्याहूनही सुनेवर येतो. पुरूच्या त्यागाची किंमत त्याची पत्नी चित्रलेखा आपल्या प्राणाने चुकविते. ज्याने देणे मान्य केले त्याच्याहून, ज्याला कोणी विचारलेच नाही त्या व्यक्तीकडून वसुली झाली, हे कर्नाडांनी नेमके हेरले.

या नाटकाची जन्मकथाही आपल्या विषयाशी जोडलेली आहे. घरची भाषा कोकणी, महत्त्वाकांक्षा इंग्रजी कवी होण्याची, आणि ऑक्सफर्डला जाण्याची तयारी चालू असताना घरात मुलगा परत येईल की नाही याची धास्ती, अशा काळात हे नाटक आपल्याकडून अनपेक्षितपणे कन्नडमध्ये लिहिले गेले, असे कर्नाडांनी सांगितले आहे. पुढे १९६३ ते १९७० या काळात ते मद्रासमध्येच ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीस होते. घरच्या भाषेत देता न आलेले उत्तर त्यांना तिसऱ्या भाषेत आणि पुराणकथेच्या आडून देता आले. पुराणकथा हे येथे पलायन नव्हते. वडीलधाऱ्यांना मान्य असलेल्या गोष्टीतच अमान्य प्रश्न ठेवण्याची ती युक्ती होती.

५. दोन्ही तीरांवरचे देणे

वेस्ट मांबलममधून परदेशी गेलेल्यांच्या मुलांकडे हेच देणे आणखी एका भाषेत पोहोचते. झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत ते एका नावाच्या रूपाने येते. वडिलांनी त्या नावामागची आठवण सांगितलेली नसते, तोवर मुलाला ते केवळ ओझे वाटते. याउलट जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात मागे राहिलेल्या वृद्ध आईबापांचे रिकामेपण आहे; त्यांचा एक मुलगा अमेरिकेत आहे. दोन्ही कृती एकत्र वाचल्या की एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या यशाची अपेक्षा आईबापांनी केली, त्याच यशाने त्यांना एकटे केले. त्यामुळे त्यांना केवळ सावकार मानणारे वाचन अपुरे ठरते. पांग न फिटलेलेही ते, आणि फेडीमुळे उणे झालेलेही तेच.

६. मुदत

चेन्नईने या प्रश्नाला दिलेली व्यावहारिक उत्तरेही या चौकटीत पाहता येतात. डॉ. शारदा मेनन यांच्या पुढाकाराने १९८४ साली स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, आणि डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या पुढाकाराने १९८६ साली आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणारी ‘स्नेहा’ ही संस्था येथे स्थापन झाली. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तमिळनाडूत नापास विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा घेण्याची व्यवस्था झाली, आणि परीक्षेतील अपयशानंतरच्या आत्महत्यांत त्यामुळे घट झाल्याचे विजयकुमार यांनी नोंदविले आहे. देणे माफ झाले नाही. केवळ मुदत वाढली. तेवढ्यानेही जीव वाचतात, ही गोष्ट अपेक्षेच्या स्वरूपाविषयी बरेच सांगून जाते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानावे असे ठरविले. दोषाच्या शब्दाऐवजी ताणाचा शब्द आला. हा बदल कायद्याचा तसाच भाषेचाही आहे.

घरांत मात्र हा बदल कायद्याने येणार नाही. अयोध्या मंडपम् येथे तमिळ श्रोते भजनांतून तुकोबांचे अभंग आपलेपणाने ऐकतात. देवाशी भांडण्याची, त्याला जाब विचारण्याची, ‘मला झेपत नाही’ असे सांगण्याची एक समृद्ध भाषा संतांनी मराठीला दिली आहे, आणि ती या वस्तीत रोज कानांवर पडते. ती देवापुरती राखली गेली, आईबापांशी बोलताना कोणी वापरली नाही. तंजावरी बोलीच्या जतनाचा विचार करताना शब्दसूची आणि पाककृती जमविण्याबरोबरच हेही पाहावे लागेल की, त्या बोलीत मुलाला नकार देता येतो का, आणि तो नकार कृतघ्नपणा न ठरता ऐकला जातो का. जी भाषा केवळ मागणी करू शकते आणि उत्तर घेऊ शकत नाही, ती मुले सोडून देतात. बोली टिकण्याचा प्रश्न आणि मनाच्या स्वास्थ्याचा प्रश्न या ठिकाणी एकच होतो.