उत्पादक कंपनीचे दप्तर क्लाऊडवर ठेवताना



शेतकरी उत्पादक कंपनीचे दप्तर म्हणजे सभासदांचे भाग, काट्यावरची वजने, उचल आणि पट्ट्या. हे सारे बहुधा कार्यालयातल्या एकाच संगणकावर असते. विजेच्या झटक्याने तो जळाला, तर कोणाचा किती माल आला आणि कोणाचे किती देणे राहिले, हे सांगणार कोण? म्हणून क्लाऊडवरचा डेटाबेस घ्यावा का, अशी विचारणा होते.

डेटाबेस म्हणजे अनेकांना एकाच वेळी लिहिता-वाचता येणारी खातेवही. क्लाऊड म्हणजे काही आभाळ नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक, इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे. ॲमेझॉनने व्यवस्थापित डेटाबेसची सेवा २००९ साली सुरू केली. २०१६ पासून त्यांचे केंद्र मुंबईतही आहे. 'व्यवस्थापित' म्हणजे चालकासह भाड्याने आणलेला ट्रॅक्टर समजा. यंत्राची देखभाल, सॉफ्टवेअरची दुरुस्ती, रोजची नक्कल हे तो बघतो. कोणते वावर नांगरायचे ते मात्र आपणच सांगायचे. काट्यावर वजन चुकीचे लिहिले, तर क्लाऊडवरही ते चुकीचेच राहणार.

खरी मेख नकलेत आहे. समजा, कारकुनाने सकाळी अकराला आवकेच्या नोंदी चुकून पुसल्या. मागची नक्कल असेल, तर पुसण्याच्या आधीच्या घटकेचा डेटाबेस वेगळा उभा करता येतो. ही मोठीच सोय. पण ॲमेझॉनकडे या आपोआप निघणाऱ्या नकला जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येतात. चूक दोन महिन्यांनी, पट्ट्या वाटताना ध्यानात आली तर? शिवाय डेटाबेसच काढून टाकताना नकला राखण्याची खूण केली नाही, तर त्याही जातात.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या पेन्शन निधीचे गूगल क्लाऊडवरचे काम गूगलकडच्या एका चुकीने पुसले गेले. दोन ठिकाणी ठेवलेले होते, तरी दोन्हीकडचे गेले. पाच लाखांहून जास्त सभासदांची खाती कित्येक दिवस बंद होती. दुसऱ्या कंपनीकडे नकला होत्या, म्हणून निभावले.

तेव्हा महिन्यातून एकदा पूर्ण नक्कल उतरवून कार्यालयाबाहेर ठेवावी. हंगामापूर्वी ती उघडून बघावी. न उघडलेली नक्कल म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे!

खाते कंपनीच्या नावाने काढावे, सॉफ्टवेअर करून देणाऱ्या पाहुण्याच्या ईमेलवर नको. प्रत्येक कारकुनाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा. सभासदांचे बँक खाते क्रमांक त्यात आहेत, हे विसरू नये.

भाड्याचेही बघा. हंगाम संपल्यावर बंद करून ठेवू म्हणाल, तर ॲमेझॉनचा डेटाबेस ७ दिवसांनी आपोआप पुन्हा चालू होतो, आणि जागेचे भाडे बंद काळातही लागते. शंभर सभासद आणि लिहिणारा एकच माणूस असेल, तर माझ्या मते साधा तक्ता आणि त्याच्या दोन ठिकाणी ठेवलेल्या नकला पुरेत.

आणि संकलन केंद्रावरचे पावतीपुस्तक मोडीत काढू नका. नेट गेले तरी गाड्या काट्यावर उभ्याच असतात.