निर्जन रस्ता आणि घरची परवानगी

माझ्या मोठ्या बंधूंचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे दुकान आहे. त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त गेली चार वर्षे ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात राहतो. मागील वर्षी रक्षाबंधनाच्या दिवशी त्याने फोनवर सांगितले की, सप्टेंबरमध्ये रजा घेऊन तो पर्थहून ॲडलेडला मोटरसायकलने जाणार आहे, आणि तोही एकटा. अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. त्या रात्री बंधूंच्या घरी कोणालाच नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "भाऊजी, तो तुमचे ऐकतो. तुम्हीच त्याला समजावा."

समजावणे म्हणजे परावृत्त करणे, हे न सांगताही मला कळले. पण सारी नोकरी मी बँकेत कर्जप्रस्ताव हाताळण्यात घालवली आहे. प्रस्ताव नाकारायला एक ओळ पुरते. तपासायला मात्र आठवडा लागतो. नाकारलेल्या प्रस्तावाबद्दल अधिकाऱ्याला सहसा कोणी जाब विचारत नाही, म्हणून नकार नेहमीच सोयीचा वाटतो. अशा सोयीपायी काही चांगली माणसे माझ्याकडून रिकाम्या हाताने परत गेली, ही खंत निवृत्तीनंतरही मनात आहे. म्हणून पुतण्याला मी एवढेच सांगितले, "रस्त्याची सगळी माहिती कागदावर लिहून पाठव. ती वाचल्यावर बोलू."

एक झाडही नसलेला माळ

त्याने पाठविलेली माहिती वाचताना त्या देशाच्या आकारमानाची खरी कल्पना आली. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र तीन कोटींच्याही आत, आणि तीही बहुतांशी समुद्रकाठच्या शहरांत एकवटलेली. पश्चिमेकडील पर्थ आणि दक्षिणेकडील ॲडलेड यांच्यामध्ये नलारबोर नावाचे चुनखडीचे विस्तीर्ण पठार पसरले आहे. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थच 'एकही झाड नाही' असा होतो. पृष्ठभागावर नदी नाही, ओढा नाही. पडलेले पाणी चुनखडीत झिरपून खालच्या गुहांमध्ये जाते.

या प्रदेशातून जाणारा आयर महामार्ग नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा असा सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा आहे. त्यातील बॅलाडोनिया ते कायगुना यांच्या दरम्यानचा १४६.६ किलोमीटरचा टप्पा एकही वळण न घेता सरळ जातो. वाटेत गावे जवळजवळ नाहीतच. आहेत ती रोडहाऊसे, म्हणजे पेट्रोलपंप, खाणावळ आणि मुक्कामाच्या खोल्या एकाच ठिकाणी. नॉर्समननंतर पहिले रोडहाऊस सुमारे १९० किलोमीटरवर, दुसरे त्यापुढे १८० किलोमीटरवर. काही ठिकाणी महामार्गावरच धावपट्टीच्या खुणा रंगविलेल्या आहेत. १९२८ साली जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नाने सुरू झालेल्या 'फ्लाइंग डॉक्टर' सेवेचे विमान गरज पडल्यास थेट रस्त्यावर उतरते. हे वाचून वहिनींना धीर आला की त्या अधिक घाबरल्या, हे मला अद्याप उमगलेले नाही.

पूर्वी गेलेले

या रस्त्याला ज्याचे नाव आहे, तो एडवर्ड आयर १८४१ साली हा प्रदेश पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडून गेला. वाटेत त्याचा सहकारी बॅक्स्टर मारला गेला. पुढील प्रवासात आयरच्या सोबतीला उरला तो वायली हा मूळनिवासी तरुण. एका फ्रेंच देवमासे-शिकारी जहाजाने त्यांना मध्येच आश्रय व अन्न दिले, म्हणून ते जुलैमध्ये ऑल्बनीला पोहोचू शकले. पुढील काळात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात मालाची ने-आण करण्यासाठी उंट आणि उंटवाले नेले गेले, त्यांतील बरेच तेव्हाच्या हिंदुस्थानातून व अफगाणिस्तानातून गेले होते. त्यांच्या मागोमाग कापडचोपड व किरकोळ माल विकणारे आपल्याकडील फेरीवालेही दूरदूरच्या पशुपालन केंद्रांपर्यंत पोहोचले. व्यापाऱ्याचा पाय कोठवर जातो, याचे हे उदाहरण आपल्या वाचकांना निश्चित रुचेल.

मोटरसायकलच्या बाबतीत मला सर्वांत भावली ती विनिफ्रेड वेल्सची हकिकत. डिसेंबर १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ही तरुणी ३५० सीसीच्या रॉयल एन्फिल्डवरून एकटी सिडनीहून पर्थला निघाली आणि परतही आली. एकूण साडेपाच हजार मैलांचा प्रवास, आणि तोही ऐन उन्हाळ्यात. नलारबोरवर तेव्हा डांबर नव्हते. महामार्ग पूर्णपणे डांबरी व्हायला १९७६ साल उजाडले. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाडीचीच ती बहीण, हे बंधूंना सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे हसू उमटले.

आणखी एक आठवण. जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' आपल्या डोक्यावर पडणार, या भीतीने आपल्याकडे किती हलकल्लोळ माजला होता, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्याचे काही तुकडे शेवटी पडले ते याच परिसरात, आणि बॅलाडोनियाच्या रोडहाऊसमध्ये ते पाहायला मिळतात.

हिशेबाचा कागद

पुतण्याचे पहिले पत्रक उत्साहाने भरलेले होते. आकडे मात्र कमी होते. मी ते परत पाठविले. दुसऱ्या खेपेस त्याने नीट मांडणी केली.

पेट्रोलची टाकी १५ लिटरची. लिटरला २२ किलोमीटर धरले तर ३३० किलोमीटर होतात. परंतु समोरून वारा असेल तर गाडी लिटरला १७-१८ च देते. मग तीच टाकी २६० वर येते. सर्वांत लांब टप्पा १९० चा. म्हणजे वाईटात वाईट स्थितीतही एक चतुर्थांशाहून अधिक पेट्रोल हाताशी उरते. तारणावर कर्ज देताना आम्ही मार्जिन ठेवत असू. हेही तसेच मार्जिन. त्यात भर म्हणून 'प्रत्येक रोडहाऊसवर टाकी भरायची, अर्धी असली तरी' ही अट मी घातली.

पाणी सहा लिटर. रोडहाऊसांना ते भूगर्भातून उपसून शुद्ध करून घ्यावे लागते, त्यामुळे तेथे फुकटात मिळेल असे गृहीत धरायचे नाही. भोजनासाठी खाकरे, शेंगदाण्याची चटणी, सुका मेवा. फळे मात्र मोजकीच, कारण पूर्वेकडे जाताना सेडुना येथे तपासणी होते आणि ताजी फळे-भाज्या तेथून पुढे नेऊ देत नाहीत. शाकाहारी प्रवाशाने हे आधीच जाणून असावे. रोडहाऊसमध्ये त्याच्यासाठी बहुधा टोस्ट, चीज सँडविच आणि तळलेले बटाटे एवढेच मिळते.

सर्वांत महत्त्वाची अट सूर्यास्ताची. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे चरण्यासाठी रस्त्यालगत येतात आणि दिव्याच्या झोतात अचानक आडवे उडी घेतात. अशा धडकेत प्राणीही जातो आणि दुचाकीस्वारही. म्हणून ऊन असेपर्यंतच प्रवास, सूर्यास्तापूर्वी मुक्काम. आपल्या घरात सूर्यास्ताकडे लक्ष ठेवले जाते ते भोजनासाठी. तेथे ते प्रवासासाठी ठेवायचे, एवढाच फरक. यामुळे दिवसाची मजल चारशे-पाचशे किलोमीटरवर आली आणि प्रवास चाराऐवजी सहा दिवसांचा झाला. पुतण्या कुरकुरला, पण मान्य केले.

शेवटी संपर्क. दोन रोडहाऊसांच्या मध्ये मोबाइल बहुतेक चालत नाही. म्हणून त्याने उपग्रहाला संकटसंदेश पाठविणारे छोटे यंत्र भाड्याने घेतले. मात्र ते प्राणावर बेतले तरच दाबायचे. एरवी प्रत्येक टप्प्यावर पोहोचताच घरी निरोप. निरोपाला उशीर झाला तर तीन तास थांबायचे, मग पुढच्या रोडहाऊसला फोन, आणि तेथेही पत्ता नसेल तर पोलिसांना. सर्व फोन क्रमांक कागदावर लिहून एक प्रत बंधूंकडे, एक माझ्याकडे.

चौथा दिवस

पहिले तीन दिवस निरोप वेळेवर आले. चौथ्या दिवशी युक्लाहून निघून तो दुपारी बारापर्यंत नलारबोर रोडहाऊसला पोहोचणार होता. तिथले बारा म्हणजे आपल्याकडील सकाळचे आठ. आठ वाजले, निरोप नाही. साडेआठ झाले. नऊ वाजता बंधू दुकानात न जाता माझ्याकडे आले. वहिनींनी पर्थमधील त्याच्या मित्रांना, भारतीय वकिलातीला, सर्वांना फोन करावा म्हणून आग्रह धरला. बंधूंनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला: "तीन तास थांबायचे." मग तो घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा काढला.

दहा वाजून वीस मिनिटांनी निरोप आला. मागचे चाक पंक्चर झाले होते. रस्त्याकडेला थांबून त्याने पंक्चर काढण्याचे सामान बाहेर काढले. एकदा जमले नाही, दुसऱ्यांदा जमले. तेवढ्यात एका मालवाहू ट्रकच्या चालकाने गाडी थांबवून पाण्याची बाटली दिली आणि चाकात हवा भरून होईपर्यंत तो जवळ उभा राहिला. तेथे बंद पडलेल्या वाहनाजवळ थांबून चौकशी करणे ही वाटसरूंची रीतच आहे.

पुतण्या गाडी सोडून कोठेही गेला नाही, ही गोष्ट मला सर्वांत समाधानाची वाटली. डिसेंबर १९६३ मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर एका कुटुंबातील पाच जण वाट चुकून, पेट्रोल संपून, तहानेने मृत्यू पावले. त्यांनी मोटार मागे सोडली होती. वाहन दुरून दिसते, सावली देते. एकटा माणूस विमानातूनही सापडत नाही. म्हणून तेथील मुलांना पहिला धडा 'वाहन सोडू नका' हाच देतात.

असे कच्चे रस्ते हा वेगळा प्रस्ताव आहे, हेही सांगितले पाहिजे. बर्ड्सव्हिल ट्रॅक पाचशे किलोमीटरहून लांब आहे. ग्रेट सेंट्रल रोडवर मूळनिवासींच्या भूमीतून जाण्यासाठी परवाने लागतात. पिठासारख्या धुळीखाली खड्डे दडलेले असतात आणि पाऊस पडला की रस्ते बंद होतात. तेथे एकट्याने, पहिल्याच खेपेस जाण्यास मी संमती दिली नसती. हिशेब मांडल्यावर काही प्रस्ताव नामंजूरही करावे लागतात. मात्र त्या नकारामागे कारण असते आणि मुलालाही ते पटते.

सहाव्या दिवशी पुतण्या ॲडलेडला पोहोचला. वाटेत हेड ऑफ बाइटच्या कड्यावरून त्याने पिल्लांसह पोहणारे देवमासे पाहिले. त्यांचे छायाचित्र बंधूंनी दुकानात गादीच्या वर लावले आहे.

घरातील तरुण दूर जायचे म्हणतात, तेव्हा आपल्याला भीती वाटते, आणि ती प्रेमापोटीच असते. परंतु नुसत्या भीतीने दिलेला नकार मुले फार दिवस पाळत नाहीत. पुढच्या वेळी ती न सांगताच निघतात, आणि मग कोणाच्याच खिशात कागद नसतो. त्यापेक्षा शेजारी बसून त्यांचा हिशेब तपासावा, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

गेल्या महिन्यात बंधूंच्या मुलीने मैत्रिणींसह मोटरसायकलने मनालीहून लेहला जाण्याचा विषय काढला. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्यापूर्वीच बंधू म्हणाले, "आधी कागद आण, मग बोलू." तिने तो आणला आहे. त्यावर पहिलीच ओळ अशी: टांडीच्या पंपावर 'पुढील पेट्रोलपंप ३६५ किलोमीटरवर' असा फलक आहे, टाकीशिवाय दहा लिटर जादा पेट्रोल सोबत घ्यायचे.