भुसा आणि प्लॅस्टिक यांची फळी
लाकडाच्या वखारीतील भुसा बहुधा जळणात जातो. तोच चांगला वाळवून वितळलेल्या पॉलिथिनमध्ये मिसळला, की त्याची फळी तयार होते. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या वर लाकूड करपू लागते. म्हणून त्याआधी मऊ होणारे प्लॅस्टिकच येथे चालते. भुशामुळे प्लॅस्टिकला ताठपणा येतो, पण आघात सोसण्याची शक्ती घटते. ही फळी लाकडापेक्षा पाणी कमी शोषते. मात्र भरीव फळी सागवानाच्या सुमारे दीडपट जड भरते. खरी मेख वेगळीच आहे. सततच्या भाराखाली, विशेषतः उन्हात, ती हळूहळू वाकत जाते. शाळेच्या आवारातील बाकाला ती चालेल, फक्त खालचे आधार जवळजवळ हवेत. छपराच्या तुळईसाठी ग्रामपंचायतीने तिचा विचार करू नये.