संशोधन अनुदानाचा अर्ज आणि अंदाजपत्रक

बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात हयात गेली. त्यामुळे प्राध्यापिका असलेल्या भाचीचा भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसाठीचा अर्ज वाचताना मी प्रथम अंदाजपत्रकच पाहिले. विषय उत्तम होता: जुन्या पेढ्यांच्या मोडी लिपीतील खतावण्या. मात्र ५ लाखांचा आकडा आधी ठरवून खर्च मागाहून बसविला होता. क्रम उलट हवा. खतावण्या किती, पाने किती, मोडी जाणकार दिवसाकाठी किती पानांचे लिप्यंतर करील, त्यावरून महिने आणि महिन्यांवरून मानधन. असे मांडताच २०० खतावण्यांच्या ४० उरल्या. तिला वाईट वाटले, पण संशोधनाचा प्रश्न नेमका झाला. पेढीमालकांची लेखी संमतीही अर्जापूर्वीच घ्यावी. घरचा हिशेब परक्यास दाखविण्यास आपल्यापैकी कोण सहज राजी होतो?

अनुदान फेडावयाचे नसते, हिशेब मात्र द्यावाच लागतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ अन्वये उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. अखर्चित रकमेबरोबरच अनुदानावर मिळालेले व्याजही परत करावे लागते. यासाठी महाविद्यालयाच्या लेखापालांस मुदतीच्या आदल्या दिवशी नव्हे, मसुदा होताच भेटावे.