समुपदेशक नको, झोप हवी

गैरसमज : रोज मरण पाहणाऱ्यांना कसली आलीय भीती!

२०२० च्या सुरुवातीला, कोविडच्या साथीत, चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. चिंतेची लक्षणे ४४.६ टक्के जणांत आढळली, निद्रानाश ३४ टक्क्यांत. प्रश्नावलीतून लक्षणे कळतात, आजाराचे निदान होत नाही, हे खरे. तरीही सवयीने माणूस निर्ढावतो हा समज काही टिकत नाही. परिचारिकांना, स्त्रियांना आणि थेट कोविड रुग्णांजवळ काम करणाऱ्यांना त्रास अधिक होता.

गैरसमज : भीती स्वतःच्या जिवाची असते.

तीही असते. पण त्याच वर्षी अमेरिकेत डॉक्टर-परिचारिकांच्या गटांशी बोलून चिंतेची जी आठ कारणे नोंदवली गेली, ती वाचण्यासारखी आहेत : पुरेसे मास्क आणि किट मिळतील का, संसर्ग घरी नेला तर, चाचणी लवकर होईल का, मुलांना कोण सांभाळणार, अनोळखी विभागात ड्यूटी लागली तर जमेल का... हे सगळे मनाचे खेळ नव्हेत. यातले बरेचसे प्रशासनाने सोडवायचे प्रश्न आहेत.

गैरसमज : समुपदेशन दिले की झाले.

चीनमधल्या चांगशा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने हेच केले. मानसोपचारतज्ज्ञांचे पथक, हेल्पलाइन, गटसत्रे, सगळी तयारी झाली. कर्मचारी मात्र फिरकेनात. चिडचिड होत होती, ताण दिसत होता, तरी परिचारिका म्हणत होत्या, आम्हाला समुपदेशक नको. विनाव्यत्यय झोप हवी, पुरेसे किट हवे. मग रुग्णालयाने योजनाच बदलली. घरच्यांपासून काही काळ वेगळे राहता येईल अशी विश्रांतीची जागा दिली, जेवणाची सोय केली, घरच्यांना पाठवायला कामाचे व्हिडिओ काढू दिले. समुपदेशक त्या विश्रांतीच्या जागीच जाऊन, कुणी बोलले तर ऐकू लागले. क्रम महत्त्वाचा : आधी झोप, मग संवाद. समुपदेशन निरुपयोगी मुळीच नाही. घाबरे होणे, झोप उडणे आठवडेच्या आठवडे चालले तर तज्ज्ञाकडे जायलाच हवे. आपल्याकडे २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

गैरसमज : समाजाने कौतुक केले की बळ येते.

२२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या. बरोबर महिन्याने, २२ एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले अजामीनपात्र ठरवणारा अध्यादेश केंद्र सरकारला काढावा लागला. गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैद. शिवाय ज्याला ‘योद्धा’ म्हणून हार घातला, त्याने ‘मला भीती वाटते’ हे कुणाकडे म्हणावे?

आणि कौतुकात आशाताई कितीशा होत्या? महाराष्ट्रातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या कोविड मोहिमेत त्या दारोदार फिरल्या. जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला.

गैरसमज : साथ ओसरली की चिंताही ओसरते.

२००३ च्या सार्सनंतर टोरांटोत एक ते दोन वर्षांनी पाहणी झाली. सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतले कर्मचारी तेव्हाही इतर रुग्णालयांतल्यांपेक्षा अधिक थकलेले होते. अनेकांनी रुग्णांसोबतचे तास कमी केले होते, कामावरच्या गैरहजेऱ्या वाढल्या होत्या. ज्यांना प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठिंबा पुरेसा वाटला होता, त्यांच्यात हा त्रास कमी होता.