मर्यादा व अभिविधि : हस्तलिखितांच्या यादींतील तुलनाचिन्हें

हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर ठेवण्याची पद्धति आतां पुष्कळ संग्राहकांनीं स्वीकारली आहे. अशा यादींतून हवें तेवढेंच निवडून घेण्यासाठीं तुलनाचिन्हें वापरावीं लागतात. तीं सहाच आहेत. परंतु त्यांचा अर्थ नीट न जाणल्यास निवड अपुरी निघते, आणि ती अपुरी आहे हें कागदावर कोठेंच दिसत नाहीं.

एडगर कॉड यांनीं माहिती कोष्टकरूपानें मांडण्याची उपपत्ति इ. स. १९७० मध्यें प्रसिद्ध केली. तिला अनुसरून चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ मध्यें जी प्रश्नभाषा मांडली, तीच पुढें 'एसक्यूएल' या नांवानें रूढ झाली. तींत 'व्हेअर' या शब्दापुढें अट लिहितात. प्रत्येक नोंद त्या अटीस लावून पाहिली जाते व अट खरी ठरली तरच नोंद बाहेर येते. = म्हणजे समान, <> असमान, < न्यून, > अधिक, <= न्यून किंवा समान, >= अधिक किंवा समान.

पाणिनीनें 'आ' या अव्ययाच्या संबंधांत मर्यादा व अभिविधि असा भेद केला आहे. सीमा वगळून तिच्यापर्यंत ती मर्यादा; सीमेसह तो अभिविधि. < हें मर्यादेचें चिन्ह, <= हें अभिविधीचें. राज्याभिषेक शके १५९६ मधला; 'शक < १५९६' असें विचारल्यास त्या वर्षाचा एकही कागद मिळणार नाहीं. 'बिट्वीन' हा शब्द दोन्ही टोंकें धरतो. म्हणून १५५० ते १५९६ व १५९६ ते १६०२ असे दोन विभाग त्यानें पाडले, तर १५९६ चे कागद दोहोंकडे मोजले जातील. एका टोंकास >= व दुसऱ्यास < लाविलें म्हणजे हा दोष राहत नाहीं.

तुलना कशाची करावयाची, हेंही पाहिलें पाहिजे. शकाचे आंकडे अक्षरें म्हणून नोंदले असतील तर तुलना पहिल्या अक्षरापासून होते. मग ९३४ हा १५९६ हून मोठा ठरतो. तसेंच, शकांत सरसकट ७८ मिळवून इसवी सन काढूं नये. पानिपतचें युद्ध पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशीं झालें. ७८ मिळविल्यास १७६० येतात, पण तो दिवस १४ जानेवारी १७६१ हा होय. 'सन >= १७६१' या अटीनें त्या पौषांतील पत्रें गळून पडतील.

सर्वांत मोठा धोका मात्र रिकाम्या रकान्याचा. ज्या पोथीचा शक ठाऊक नाहीं तिच्या रकान्यांत 'नल' असतें. नल म्हणजे शून्य नव्हे. तें अज्ञात होय. अज्ञाताशीं केलेली तुलना खरी नाहीं व खोटीही नाहीं. तिचें उत्तरही अज्ञातच, आणि म्हणून ती नोंद बाहेर येत नाहीं. 'शक = नल' असें विचारूनही ती सांपडत नाहीं; त्यासाठीं 'इज नल' असेंच लिहावें लागतें. कोणी रिकाम्या जागीं ० भरतात. मग सर्व अज्ञात पोथ्या अतिप्राचीन ठरतात.

हें आम्हीं नुकसान सोसून शिकलों. आमच्या संग्रहांत ४१२ पोथ्या. 'शक < १७००' या अटीच्या २३१ दुरुस्तीस पाठविल्या, 'शक >= १७००' या अटीच्या १३८ कपाटांत लाविल्या, आणि काम पुरें झालें असें समजलों. बेरीज केली नाहीं. ३६९ भरली असती. राहिलेल्या ४३ पोथ्या जुन्या पेटींत पावसाळाभर पडून राहिल्या. त्यांत एक पोथी अशी होती कीं, तिचें शेवटचें पान गेल्यामुळें पुष्पिका नव्हती, म्हणून शकही नव्हता. पडिमात्रांवरून मात्र ती आमच्याजवळच्या सर्व पोथ्यांहून जुनी दिसत असे. कसरीनें तिचीं पांच पत्रें खाल्लीं.

पुष्पिकेचें पान शेवटचें. तें आधीं झिजतें. त्यामुळें शक नसलेली पोथी अनेकदां अधिक जुनी असते, आणि अटींतून निसटते तीही तीच. म्हणून आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, सीमेखालच्या, सीमेपासून पुढच्या व शक नसलेल्या अशा तीन याद्या काढाव्या आणि तिन्हींची बेरीज एकूण संख्येशीं ताडून पाहावी. ती जुळेपर्यंत एकही पोथी जागची हलवूं नये.